द्राक्षं तोडल्यावर पिकत का नाहीत? (आणि हे जीए मारू की नको)

उर्मी_रामबाग

नमस्कार मंडळी. विषय अर्धा बागकाम अर्धा विज्ञान आहे, चुकीच्या विभागात असेल तर संपादकांनी हलवावा.

इंदूरला आमच्या रामबागेतल्या घरी मागच्या अंगणात सासूबाईंनी लावलेली द्राक्षाची वेल आहे, पत्र्याच्या शेडवर चढवलेली, आता तिनं अख्खं शेड व्यापलंय. दर वर्षी घड लागतात आणि इतके लागतात की शेजारचे बघायला येतात, पण मणी बारीक आणि आंबटढाण. गंमत म्हणजे एकाच घडात दोन-चार मणी मऊ आणि गोड, आणि त्यांना चिकटून असलेले बाकीचे कडक हिरवे. मग पाऊस सुरू झाला की उरलंसुरलं सडून जातं. मणी बियांचे आहेत, काळपट होतात पिकले तर. सध्या फुलोरा दिसतोय.

तर प्रश्न असे. घड तोडून तांदळाच्या डब्यात केळ्यांबरोबर ठेवून बघितले, चिकू पिकवतो तसे. सुरकुतले, पण गोड काही झाले नाहीत. मंडीतून आणलेल्या आंबट द्राक्षांचंही तेच. असं का? आणि दुसरं म्हणजे नर्सरीवाला भिया सांगून राहिला आहे की "मॅडम जीए मारो, साइज भी आएगी और मिठास भी". जीए म्हणजे जिबरेलिक ॲसिड, वनस्पतीचं हार्मोन, एवढं गुगलून कळलं. मारू का? घरात लहान मुलं खाणार म्हणून विचारते.

कोल्ह्याचा जोक कोणी टाकू नये, नवऱ्याने टाकून झालाय.

पोहेजलेबी

बघा, जोक आधीच जप्त केला, आता मी इथे काय करू. वाचतोय.

ग्वाल्हेरच्या_काकू

अगं उर्मी, काही मारूबिरू नकोस. आमच्याकडे दुधी भोपळ्याला रात्री इंजेक्शन देतात आणि सकाळी हातभर होतो असं सगळे सांगतात, ती हार्मोनचीच भानगड. मुली लवकर मोठ्या होऊन राहिल्यात ते काय उगीच? आंबट तर आंबट, घरचं आहे ना.

संशयात्मा

काकूंशी सहमत. हल्ली मिळतात ती लांबट टपोरी द्राक्षं आमच्या लहानपणी कुठे होती? सगळा केमिकलचा खेळ आहे.

पेशीभित्ती

उर्मी, पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते कारण दुसऱ्याचं त्यातूनच निघतं. (मी इंदूरच्याच कृषी महाविद्यालयात शिकले, आता दुसरीकडे प्लांट फिजिओलॉजी शिकवते, त्यामुळे प्रतिसाद लांबणार, आधीच सांगून ठेवते.)

केळं हिरवं तोडतात तेव्हा त्यात स्टार्च ठासून भरलेला असतो, गराच्या साधारण २० टक्के. झाडाशी संबंध तुटला तरी गोड व्हायला लागणारा माल आत आहेच. इथिलीन वायू लागला की एन्झाइम कामाला लागतात आणि त्या स्टार्चची साखर होते, आणि पिकणारं फळ स्वतःच आणखी इथिलीन सोडतं, म्हणून एक पिकलं की डब्यातली बाकीचीही पिकतात. आंबा, चिकू, पपई, सीताफळ सगळे याच गटातले, यांना क्लायमॅक्टेरिक फळं म्हणतात. बुऱ्हाणपूरकडून येणारी हिरवी केळी चेंबरात पिकवतात ती याच जोरावर. सरकारी अन्नसुरक्षा संस्थेने, म्हणजे एफएसएसएआयने, इथिलीनला १०० पीपीएमपर्यंत (पीपीएम म्हणजे दहा लाखात एक भाग) परवानगी दिली आहे आणि कार्बाइडवर बंदी आहे, तेवढं लक्षात ठेवा.

द्राक्षाच्या मण्यात स्टार्च जवळजवळ नसतोच. पानात जी साखर तयार होते ती सालीतल्या नळ्यांमधून मण्यात उतरते, तिथे तिचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होऊन साठतं. म्हणजे सगळी गोडी बाहेरून येते आणि देठ कापला त्या क्षणी पुरवठा बंद. ज्या गोडीला तोडलं तीच गोडी शेवटपर्यंत. डब्यात तुझे मणी सुरकुतले ते पाणी उडून, कदाचित किंचित गोड लागले असतील, पण ते पिकणं नव्हे.

आणि काकू, दुधीला जे देतात म्हणून व्हॉट्सॲपवर फिरतं ते ऑक्सिटोसिन, ते प्राण्यांचं हार्मोन, गाईला पान्हा सोडायला वापरतात. जिबरेलिन वनस्पतीचं, त्याचा आपल्या शरीरातल्या हार्मोनशी काही संबंध नाही. दोन्हीला हार्मोन म्हणतात एवढंच साम्य. बियांच्या प्रत्येक द्राक्षात, गव्हाच्या मोड आलेल्या दाण्यात, सगळीकडे जिबरेलिन आपोआप असतंच.

संशयात्मा

बरं मान्य. मग जानेवारीत ठेल्यावर येतात ती आंबट का असतात? शेतकऱ्याला कळत नाही का पिकलंय की नाही?

निफाडचा_नाना

कळतं भाऊ, चांगलं कळतं. सीझनच्या तोंडाला भाव मोठा असतो, व्यापारी दारात येऊन बसलेला असतो, १४-१५ ब्रिक्सला (ब्रिक्स म्हणजे रसातली साखर मोजायचं माप) माल काढून मोकळे होतात लोकं. खरं तर थॉमसन, म्हणजे ती बिनबियांची जात, १८ च्या पुढं गेल्याशिवाय खाण्यात मजा नाही. गाडी निफाडहून निघाली, धुळे-सेंधवा करत सकाळी तुमच्या चोइथराम मंडीत, रात्रीतून गोड कशी होणार. फेब्रुवारी संपताना घ्या, मग बोला.

बाकी जीएचं म्हणाल तर आमच्याकडं जीएशिवाय एक्स्पोर्टचा माल निघतच नाही. युरोपवाल्याला मणी १८ एमएम नी वर लागतो, जीए न मारलेला थॉमसन तिथवर जातच नाही. पण नर्सरीवाल्यानं ताईला अर्धं खरं सांगितलं. साइज येती, मिठास नाय येत. जीएनं घागर मोठी होती, भरायचं काम पानांचंच. उलट मणी फुगवून ठेवला नी वेलीला पानं कमी असली तर पहिल्यापेक्षा जास्त आंबट.

नी तुमची बियांची वेल म्हणताय, तिथं जीएचा उपयोगच काय? बियाचा मणी आपलं जीए आपण करतो.

उर्मी_रामबाग

नाना आणि पेशीभित्ती ताई, दोघांचेही खूप आभार. घागरीचं एकदम पटलं. पण "बियाचा मणी आपलं जीए आपण करतो" हे जरा उलगडून सांगाल का? आणि मग एकाच घडात काही गोड काही दगड हे काय गौडबंगाल?

पेशीभित्ती

नानांनी नेमकं बोट ठेवलंय. आता जरा सविस्तर लिहिते.

द्राक्षाचा मणी एका दमात वाढत नाही. फळधारणा झाली की पहिला टप्पा, पेशी भराभर विभागतात आणि फुगतात, मणी कडक हिरवा, आणि याच काळात आम्ल साठतं, टार्टारिक आणि मॅलिक ही दोन मुख्य. मग वाढ जवळजवळ थांबते. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं वेलीला काही तरी झालं, पण आत बी कडक होत असतं, गर्भ पूर्ण होत असतो. आणि मग अचानक, अक्षरशः एक-दोन दिवसांत, मणी मऊ पडतो, फुगायला लागतो, साखर भरायला लागते, काळ्या जातीत रंग चढतो. नाशिककडे याला मण्यात पाणी उतरणं म्हणतात, छाटणीपासून ८०-९० दिवसांच्या आसपास, थंडीप्रमाणे मागेपुढे. पुस्तकात व्हेरेझाँ.

आता यात हार्मोन कुठे येतात. पहिल्या टप्प्यात राज्य असतं ऑक्झिन, सायटोकायनिन आणि जिबरेलिन या तिघांचं. सायटोकायनिनने पेशींची संख्या वाढते, जिबरेलिनने त्या लांब-मोठ्या होतात, ऑक्झिन दोन्हीला हातभार लावतं. ही बऱ्याच अंशी बियांतून येतात, म्हणून ज्या मण्यात बिया जास्त तो मणी मोठा. तुझ्याच घडातला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात छोटा मणी कापून बघ, बहुतेक वेळा मोठ्यात तीन-चार बिया निघतील आणि छोट्यात एखादीच. थॉमसनमध्ये फलन होतं पण बी लहानपणीच खुंटतं, जिबरेलिनचा तो स्रोत गेला, म्हणून मणी मुळात लहान. बाहेरून जीए देऊन आपण ती उणीव भरून काढतो, एवढाच त्याचा अर्थ. बियांच्या जातीत ती उणीवच नाही. उलट अशा वेलींना जीए मारलं तर पुढच्या वर्षीच्या डोळ्यात, म्हणजे काडीवर जिथून फूट निघते तिथे, घड कमी धरतात.

पण पिकण्याच्या बाबतीत मात्र हेच ऑक्झिन आडवं येतं. जोवर मण्यात ऑक्झिन भरपूर आहे तोवर पाणी उतरत नाही. ऑस्ट्रेलियात १९९७ साली एक प्रयोग छापून आला होता, मण्यांना कृत्रिम ऑक्झिन दिलं तर पिकणं सुमारे दोन आठवडे लांबलं. वेल स्वतः काय करते, तर पाणी उतरायच्या सुमाराला ऑक्झिनला अमिनो ॲसिड चिकटवून ते निकामी करून टाकते. आणि ते उतरलं की ॲबसिसिक ॲसिड चढतं, याला एबीए म्हणतात. हे एरवी दुष्काळाचं हार्मोन, पाणी कमी पडलं की पानाची छिद्रं बंद करणारं, पण द्राक्षात पिकण्याची मुख्य किल्ली बऱ्याच प्रमाणात याच्याच हातात. एबीए आणि साखर दोन्ही वाढले की सालीत ॲन्थोसायनिन म्हणजे जांभळा रंग बनवणारी जनुकं जागी होतात. त्याच्या जोडीला ब्रासिनोस्टेरॉइड, हेही वनस्पतीचंच हार्मोन. २००६ साली ऑस्ट्रेलियातल्याच संशोधकांनी कॅबर्ने सॉव्हिन्यॉन या वाइनच्या जातीच्या मण्यांवर दाखवलं की ते बाहेरून दिलं तर पिकणं लवकर, आणि त्याची निर्मिती अडवली तर उशिरा.

आता तुझं गौडबंगाल. हा बदल घडाचा एकदम होत नाही, प्रत्येक मणी आपापल्या वेळेने जातो. बियांची संख्या वेगळी, फूल उमललं तो दिवस वेगळा, त्यामुळे शेजारी-शेजारी एक मऊ आणि एक कडक हे पाणी उतरण्याच्या दिवसांत सगळ्याच बागांत दिसतं. सकाळी घड हातात घेऊन मणी एकेक अलगद दाबून बघ. रंग यायच्या आधीच काही मणी बोटाखाली दबतात, ते मऊ झालेले मणी पुढे रंग घेतात. कडक आहेत ते अजून ऑक्झिनच्या ताब्यात. फरक एवढाच की नानांच्या बागेत उरलेले मणी थोड्या दिवसांत गाठतात, आणि तुझ्याकडे ते गाठायच्या आत पाऊस गाठतो.

पोहेजलेबी

ताई तुम्ही आम्हाला शाळेत का नव्हता शिकवायला.

बडोद्याची_बेला

माहितीपूर्ण प्रतिसाद. एक शंका, सीडलेस म्हणजे जीएम, जनुकं बदललेली, का? आमच्या सोसायटीत यावरून भांडण झालं होतं.

पेशीभित्ती

नाही बेला. थॉमसन ही किशमिश, सुलताना या नावांनी पश्चिम आशियात फार आधीपासून असलेली जात, कॅलिफोर्नियात १८७० च्या दशकात थॉमसन नावाच्या माणसाने लावली म्हणून ते नाव पडलं. बी खुंटणं हा निसर्गात आपोआप झालेला बदल, माणसाने तो ओळखून फांद्या लावून लावून जपला. तास-ए-गणेश पण तासगाव भागात थॉमसनच्याच वेलीवर सापडलेला वेगळा फुटवा.

संशयात्मा

ताई एक अडचण आहे. तुम्ही म्हणता द्राक्षाला इथिलीन लागत नाही. मग काळ्या द्राक्षांच्या बागेत इथेफॉन मारतात ते कशाला? इथेफॉनमधून इथिलीनच सुटतं ना? मी पण गुगल करतो थोडं थोडं.

पेशीभित्ती

छान प्रश्न, खरंच. मी म्हटलं की तोडलेलं द्राक्ष इथिलीनने गोड होत नाही. वेलीवर असताना इथिलीनला अगदीच काम नाही असं नाही. पाणी उतरण्याच्या जरा आधी मण्यात इथिलीनची एक छोटीशी वाढ मोजली गेली आहे, केळ्याच्या मानाने नगण्य. फ्रान्सच्या तुलूझमधल्या संशोधकांनी २००४ मध्ये इथिलीनची जाणीवच बंद करणारा १-एमसीपी नावाचा वायू बरोबर त्या वेळी दिला तर मण्यांची वाढ आणि रंग मागे पडला, आम्लही उतरायला वेळ लागला. म्हणजे थोडा वाटा आहे, पण हुकूम त्याचा नाही.

इथेफॉन रंगासाठी मारतात, फ्लेम, शरद अशा जातींना, पाणी उतरण्याच्या सुरुवातीला. रंग येतो, पण मणी मऊ पडतो आणि टिकाऊपणा घटतो. म्हणून काही देशांत आता रंगासाठी सरळ एबीएच फवारतात. पण रंग आला म्हणजे गोडी आली असं मुळीच नाही हं, काळीभोर आंबट द्राक्षं आपण सगळ्यांनी खाल्ली आहेत.

निफाडचा_नाना

ताईंनी सायटोकायनिनचं सांगितलं त्यात आमचा अनुभव जोडतो. सीपीपीयू म्हणून येतं, ते सायटोकायनिनसारखंच काम करतं. जीएसंगं एक-दोन पीपीएम घेतलं तर मणी गोल भरतो, साल कडक होती, गाडीत माल टिकतो. पण लोभापायी डोस वाढवला की पाणी उतरायला पंधरा-पंधरा दिवस उशीर, हिरवा माल हिरवाच, ब्रिक्स हलत नाय. आमच्या गावात दर वर्षी कुणीतरी असं करून बसतो.

जीएचं पण टायमिंगचंच काम. फुलोऱ्याच्या आधी १० पीपीएम दिलं की घडाची दांडी लांबती, मणी एकमेकाला दाटत नाहीत. पुढं मणी ३-४ एमएमचा झाला की एकदा नी ६-७ एमएमला एकदा, तेव्हा घड मगात बुडवून डिपिंग करायचं, बायका सकाळी सहाला लागतात कामाला, ऊन चढायच्या आत ओळी उरकायच्या. पावडर सरळ पाण्यात विरघळत नाय, आधी अल्कोहोलात विरघळवून मग पाण्यात टाकायची, १०० लिटरला १ ग्रॅम म्हणजे १० पीपीएम, नी पाण्याचा पीएच सहाच्या आसपास ठेवायचा, आमच्या खाऱ्या पाण्यात तसंच ओतलं तर पैसे पाण्यात. एवढं सगळं करून एका वेलीसाठी काय मिळणार, म्हणून ताई तुम्ही नादी लागू नका.

संशयात्मा

नाना राग मानू नका, पण २०१० मध्ये युरोपने आपली द्राक्षं परत पाठवली होती ना? ती याच औषधांमुळे ना? म्हणजे काकू अगदीच चूक नव्हत्या.

निफाडचा_नाना

राग कसला. पण ते जीए नव्हतं, ते सीसीसी. क्लोरमेक्वाट क्लोराइड. जीएच्या बरोबर उलटं काम करतं, वेलीतलं जिबरेलिन बनणंच दाबतं. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर (माल निघाल्यावर करतात ती) शेंडा फार पळू नये नी काडीत घड धरावा म्हणून मारायचे सगळे, कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं की ते वेलीत मुरून राहील नी पुढच्या फळात सापडेल. कंटेनर अडकले, शेतकरी धुतला गेला. तेव्हापासून एक्स्पोर्टवाला प्रत्येक जण औषधाच्या अंशाच्या तपासणीला भितो. तुम्ही विचारलं ते रास्तच आहे, पण दोषाचं नाव बरोबर घ्या.

पेशीभित्ती

नानांच्या या मुद्द्यावर एक जोडते, मला स्वतःला हा भाग फार आवडतो. द्राक्षाच्या डोळ्यात सुरुवातीला एक छोटासा कोंब असतो, त्याचा घडही होऊ शकतो आणि बाळीही, म्हणजे ती वळत वळत आधार धरते ती. जिबरेलिनचा जोर असेल तर बाळी, सायटोकायनिनचा असेल तर घड. सीसीसीने जिबरेलिन दाबलं की घडाकडे कल जातो, शेतकरी हे करत होता ते बरोबर होतं, फक्त रसायन टिकाऊ निघालं. शँपेनमध्ये वापरतात त्या पिनो मुनिए नावाच्या जातीत बाहेरच्या एका थरातल्या पेशींना जिबरेलिन कळतच नाही असा बदल आहे. २००२ साली ऑस्ट्रेलियातल्या दोघांनी त्या थरातून पूर्ण वेल वाढवली, तर ती बुटकी निघाली आणि बाळ्यांच्या जागी सगळीकडे घडच घड. आणि हा बदल ज्या जनुकात आहे त्याचंच भावंड हरित क्रांतीच्या बुटक्या गव्हात आहे. आपल्या माळव्यात शेतात कमरेएवढाच उभा राहणारा गहू आणि ती वेल, कारण एकच.

आणि जिबरेलिन सापडलं तेसुद्धा रोगातून. तैवानमध्ये भाताची रोपं एका बुरशीमुळे उंच उंच वाढून कोलमडायची, १९२६ मध्ये कुरोसावा नावाच्या जपानी शास्त्रज्ञाने दाखवलं की हा बुरशीने सोडलेल्या कशाचा तरी परिणाम आहे. द्राक्षाला ते वापरणं १९५० च्या दशकाच्या शेवटी कॅलिफोर्नियात सुरू झालं. त्याआधी मणी मोठे करायला खोडाची साल गोल कापायचे, म्हणजे पानातली साखर मुळाकडे न जाता घडात राहायची.

निफाडचा_नाना

गर्डलिंग. आमच्याकडं अजून करतात. खास सुरी येती.

उर्मी_रामबाग

बापरे, किती माहिती. दोन वेळा वाचलं, सासूबाईंनाही वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या "मी लावली तेव्हा कोणी एवढं सांगितलं नव्हतं". जीए कॅन्सल. आता मला सरळ सांगा काय करू. वेल आम्ही छाटतच नाही फारशी, मध्ये कधीतरी शेडवरून लोंबायला लागली की कापतो. पानं म्हणाल तर भरपूर आहेत, खाली अंधार होतो इतकी. शेणखत दर पावसाळ्यात घालते, आणि माळीबुवा मधूनमधून युरिया टाकतात.

पोहेजलेबी

शेणखताला काही बोलायचं नाही हं, सर अल्बर्ट हॉवर्ड कंपोस्टची इंदूर मेथड आपल्याच गावात बसून शोधून गेलेत. युरियाला काय बोलायचं ते बोला.

पेशीभित्ती

युरिया बंद कर पहिल्यांदा. नायट्रोजन जास्त झालं की वेल शेंडे पळवत बसते आणि पाणी उतरणं लांबतं. पानं खूप असणं आणि पानांना ऊन मिळणं या वेगळ्या गोष्टी, अंधारातलं पान साखर पाठवत नाही. वरचा गुंता थोडा मोकळा कर म्हणजे आत ऊन शिरेल.

यंदा एवढंच कर. फुलोरा संपून मणी धरले की निम्म्याहून जास्त घड काढून टाक. जीव जड होईल पण काढ. एका घडाला बारा-पंधरा चांगली पानं लागतात असा ठोकताळा आहे, तू सांगतेस त्यावरून तिथे एवढ्या पानांवर तीन-तीन घड असणार. गोडी आणि लवकर पिकणं दोन्ही त्यातूनच येतं. पाणी उतरायला लागलं की पाणी थोडं कमी कर, हलका ताण बसला की एबीए वाढतं आणि रंगही बरा येतो. पण कोरडं पाडून मग एकदम पाइप सोडू नकोस, मणी तडकतात. बाकी उन्हाळ्यात मॅलिक ॲसिड मणी स्वतःच जाळून टाकतो, ती एक जमेची बाजू.

निफाडचा_नाना

नी खरा इलाज छाटणी. तुमचा माल पावसात सापडतो कारण वेल आपल्या मनानं फेब्रुवारी-मार्चला फुटती. यंदाचा माल निघाला की खरड छाटणी करा, काड्या तयार होऊ द्या, नी ऑक्टोबरात पाऊस उघडल्यावर गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची. मग माल फेब्रुवारी-मार्चला येतो, तुमच्याकडं थंडी जास्त म्हणून थोडा उशीर धरा, तरी पावसाच्या लई आधी. कुठं कापायचं ते जातीवर असतं. थॉमसनला सहावा-सातवा डोळा बघावा लागतो, बियांच्या बऱ्याच जातींना तिसऱ्या-चौथ्यालाच घड असतो. पेन्सिलीएवढी जाड, तपकिरी झालेली काडी ठेवायची, हिरवी-लिबलिबीत काढून टाकायची.

एक सांगून ठेवतो, डोळे एकसारखे फुटावे म्हणून आम्ही छाटणीनंतर हायड्रोजन सायनामाइडचं पेस्टिंग करतो. ते घरी आणू नका. अंगावर उडालं तर कातडी जाती, नी त्या दिवशी लावणाऱ्यानं दारूला शिवलं तर माणूस आडवा होतो, खरंच होतो. एका वेलीला त्याची गरज नाय.

बडोद्याची_बेला

अवांतर: विकतच्या द्राक्षांवर पांढरी पावडर असते ती औषधाची ना?

पेशीभित्ती

बोटाने पुसली जाणारी एकसारखी पांढुरकी लव असेल तर तो मण्याचा स्वतःचा मेणाचा थर, ताजेपणाची खूण. थेंबाथेंबाचे डाग असतील तर फवारणीचे. दोन्ही प्रकारांत वाहत्या पाण्यात धुऊनच खायची. मला विचाराल तर द्राक्षात काळजी करायची तर ती बुरशीनाशकांची करावी, हार्मोनची नाही.

ग्वाल्हेरच्या_काकू

पेशीभित्ती बाई, तुम्ही एवढं समजावून सांगितलं, मानलं. दुधीचं मी अजून सोडलेलं नाही, पण द्राक्षाचं मानलं.

आता उर्मी, ते निम्मे घड काढायचे म्हणतात ते फेकू नकोस गं. कच्च्या द्राक्षांचा मेथांबा फार सुंदर होतो, कैरीचा करतो तसाच. तेलात मोहरी-मेथ्या-हिंग, मणी अख्खे टाकायचे, वाफ आली की तिखट-मीठ आणि गूळ, कैरीपेक्षा गूळ जरा जास्तच लागतो. आठ-दहा दिवस फ्रिजमध्ये छान राहतो.

उर्मी_रामबाग

काकू, भारी! पण बिया काढत बसायच्या का? शेकड्यानं मणी असतील.

पेशीभित्ती

नको. बी कडक व्हायच्या आत तोडलेस तर दाताखाली येणारही नाही. हरभऱ्याएवढे झाले की एखादा मणी नखाने कापून बघ, बी पांढरं आणि नख सहज रुतत असेल तर सगळे अख्खे घाल. त्यापेक्षा जास्त थांबू नकोस, कारण घड उशिरा काढले तर वेलीला त्याचा फायदाही कमी मिळतो.

पोहेजलेबी

मेथांबा झाला की रामबागेत कधी यायचं ते सांगा, पोहे मी घेऊन येतो.